दार आलं

यमुनामावशीच्या ओट्यावर तांब्याची कळशी उपडी घातलेली होती आणि मी फाटकाशी उभी राहून तिच्याकडेच बघत होते. घोरावाडी स्टेशनला गाडीतून उतरले तेव्हा दोन रिक्षावाल्यांनी हाक मारली होती. नको म्हटलं. चालत गेलं तर वाटेत धीर गोळा होईल असं वाटलं होतं. कसला गोळा होतोय. साठीला टेकलेली बाई मी, आणि शाळेतली काच फोडून घरी आलेल्या पोरीसारखी फाटकाची कडी नुसती चाचपत होते.

शेतांतून राब भाजल्याचा वास येत होता. भाताची रोपं करायच्या वाफ्यावर शेणी, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरतात आणि पेटवून देतात, त्याचा तो करपट, गोडसर वास. मावळातल्या माणसाला त्या वासानंच उन्हाळा लागल्याचं कळतं. मला मात्र त्या वासानं निवडणूक आठवते. आमच्या गावची निवडणूक नेहमी राब भाजायच्या दिवसांतच यायची, की माझ्या आठवणीनंच दोन्ही एका फडक्यात बांधून ठेवलंय, कोण जाणे.

तेव्हा गावात दोन पॅनल असायची. एक आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि दुसरं वरच्या आळीचं. प्रचाराची फेरी निघायची ती पायी. पुढे बबन हलगी वाजवत, मागे पाचपन्नास माणसं, त्यांच्या मागे आम्ही पोरी चिठ्ठ्या वाटत. घोषणा अशा, की आज ऐकून कानांवर हात ठेवावेत. कुणाची लाज काढायची बाकी ठेवायचे नाहीत. पण विरोधी उमेदवाराचं घर दिसायला लागलं की बबन हलगीची काठी वर धरायचा आणि लांब सूर लावून ओरडायचा, “दार आलंऽ!” की हलगी बंद. घोषणा अर्ध्यावर तुटायची. झेंडे खांद्यावर आडवे व्हायचे. मघापर्यंत घसा फोडून ओरडणारी माणसं सोयऱ्यांकडं आल्यासारखी शर्ट नीट करत दारात उभी राहायची, आणि स्वतः उमेदवार पुढं होऊन म्हणायचा, “वैनी, पानी द्या.”

घरातली बाई कळशी घेऊन बाहेर यायची. ज्याला पाडायला निघाले त्याच्याच बायकोच्या हातचं पाणी सगळे ओंजळीनं प्यायचे. कुणाच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं विचारायचं, कुणाची म्हैस व्याली का ते विचारायचं, आणि “येतो वैनी” म्हणून निघायचं. पन्नास पावलांवर चिंचेचं झाड होतं. तिथं पोचलं की बबनची काठी पुन्हा हलगीवर पडायची आणि घोषणा जिथं तुटली होती तिथूनच पुढं सुरू व्हायची. आम्हा पोरींना त्याचं भारी हसू यायचं. आबांना नव्हतं येत. “विरोधकाच्या दारात आवाज न्हाई चढवायचा. पानी मागायचं,” ते म्हणायचे. ह्याच्यापेक्षा जास्त त्यांनी मला राजकारणातलं काही शिकवल्याचं आठवत नाही.

वरच्या आळीची फेरी आमच्याकडं यायची त्या दिवशी आई सकाळपासून फणफणत असायची. चिंच आणि राख घेऊन कळशी घासायची, घासता घासता बोलायची. “आपल्याला पाडायला निघालेत, आन् त्यांच्यासाठी मी भांडी घासतीये. ह्या घरात सगळंच उफराटं.” आबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “गार असू दे. वरडून वरडून घसे बसलेत त्यांचे.” मग आई कळशीत वाळ्याची जुडी टाकायची, भोवती ओलं फडकं गुंडाळायची आणि दाराच्या सावलीत ठेवायची. ओल्या तांब्याचा, वाळ्याचा आणि लांबून येणाऱ्या राबाच्या धुराचा मिळून जो वास व्हायचा, तो मला नंतर कुठंच भेटला नाही. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दोनदा वाळा आणून पाण्यात टाकून बघितला. नुसता वाळ्याचा वास आला.

आता हे सगळं सांगताना मलाच माझी भीती वाटते, कारण आठवणीत सगळं गोड करून ठेवायची मला खोड आहे. तर सखारामभाऊंचंही सांगायला हवं.

सखारामभाऊ रेल्वेत गँगमन होते. हातोडा घेऊन मैलोन् मैल रुळावरून चालायचे, आणि घरी आले की पांढराशुभ्र सदरा घालून विहाराच्या पायरीवर मोठ्यानं पेपर वाचायचे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्यांचं घर विहाराला लागून. एका वर्षी वरच्या आळीनं त्यांना आमच्या वॉर्डात आबांच्या विरोधात उभं केलं. म्हणजे आमची फेरी पहिल्यांदाच विहाराकडं जाणार होती. आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसं जमली आणि नुसती घुटमळत बसली. शेवटी एकानं काढलंच, “आबा, तितं न्हाई थांबलं तरी चालतंय.”

“का? दार हाय का न्हाई त्याच्या घराला?” आबांनी विचारलं.

“दार हाय की.”

“मग दार आलं की थांबायचं.”

दुसऱ्या दिवशी बबननं विहाराजवळ काठी वर केली. “दार आलंऽ” म्हणाला, पण सूर नेहमीसारखा लांब नव्हता. सखारामभाऊंची बायको बाहेर आली, ती ही यमुनामावशी. विशीपंचविशीची असेल. हातातली कळशी नवीकोरी होती, ह्याच दिवसासाठी तळेगावच्या बाजारातून आणलेली. पाणी काठावरून तिच्या पायांवर सांडत होतं. कुणी पुढं होईना. आबांनी ओंजळ धरली. एकदा प्यायले, तोंड पुसलं, पुन्हा ओंजळ धरली. “वाळा कुटनं आनला वैनी? आमच्या घरच्यापरीस वास चांगला हाय,” म्हणाले.

मग चारपाच जण पुढं झाले. बाकीच्यांना त्या दिवशी तहान नव्हती. एकजण घड्याळ बघत होता, एकजण खाली वाकून चपलेचा अंगठा दुरुस्त करत होता, आणि तिघं चिंचेच्या झाडाकडं हळूहळू सरकले होते. त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. मी पोरींमधून पुढं घुसले आणि ओंजळ धरली, कारण मला खरोखर तहान लागली होती आणि आबा बघत होते. मी घटाघटा प्यायला लागले तशी मावशीनं धार बारीक केली. “बाय, सावकाश पी, ठसका लागंल,” ती म्हणाली. तेव्हापासून मी तिची बाय झाले.

चार दिवसांनी सखारामभाऊंची फेरी आमच्या दारात आली. आईनं सगळ्यांना पाणी दिलं, हसून दिलं. ते गेल्यावर तिनं कळशी चिंचेनं घासली, मग राखेनं, मग पुन्हा चिंचेनं. आबा बघत होते. “लय काळी पडली व्हती का?” एवढंच त्यांनी विचारलं. पुढच्या निवडणुकीला तिनं ती एकदाच घासली. त्याच्या पुढच्या निवडणुकीला घासलीच नाही, उलट आदल्या दिवशी मला यमुनामावशीकडं वाळ्याची जुडी मागायला पाठवलं. आबा गेले त्या दिवशी आमची चूल बंद होती. पहिल्या भाकरी आल्या त्या विहाराकडून, मावशीच्या डोक्यावरच्या पाटीतून. आई जेवली. ओट्यावर बसलेले सगळे जेवले. ज्यांना त्या दिवशी तहान नव्हती, तेही पाटावर बसून दुसऱ्यांदा पिठलं मागत होते. एवढं व्हायला आमच्या गावाला चार निवडणुका लागल्या.

मग कधी काय बदललं ते मला विचारू नका. मी लग्न करून गेलेली बाई, सणावाराला यायची. एकदा आले तर बबन गेला होता आणि हलगी दुसऱ्या कुणी उचलली नव्हती. एकदा आले तर चिंचेच्या झाडाच्या जागी एक फलक उभा होता, घराच्या दारापेक्षा मोठे चेहरे असलेला. दिवाळीला फराळाची ताटं ह्या आळीतून त्या आळीत जायची बंद झाली. लग्नात माणसं मांडवाच्या दोन बाजूंना बसायला लागली आणि वाढपीसुद्धा बाजू बघून वाढायला लागले. मोबाइलवर गावाचा एक ग्रुप होता, त्याचे दोन झाले. दोन्हीकडं सकाळी सुविचार, आणि दुपारनंतर एकमेकांच्या आयाबहिणी. आणि मीसुद्धा काही धुतल्या तांदळाची नाही. मावशीचा मिलिंद, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय, त्याच्याविषयी एक वाईट मजकूर मला आला होता. खरंखोटं न बघता मी तो पुढं सात जणांना पाठवला. जेवणाचं ताट पुढ्यात असताना, डाव्या हाताच्या अंगठ्यानं.

ह्या खेपेला माझा धाकटा भाऊ संजू उभा राहिला आणि त्याच्या विरोधात मिलिंद. संजूचा फोन आला. “ताई, तू आबांची लेक. फेरीत पुढं ताट घेऊन उभी राहा. लोकं आबांना मानत्यात अजून.” मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. काठपदराची साडी नेसून, आरतीचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं चालले. मागं टेम्पोवर डीजे. त्याचा ठोका कानात नाही, छातीत पडत होता. घराघरांतली भांडी फळीवर वाजत होती, आणि हलगीच्या गतीनं चालायची सवय असलेले माझे पाय सारखे चुकत होते.

विहाराकडं वळलो तेव्हा माझे कान आपोआप टवकारले. “दार आलं” कोण म्हणणार, याची मी वाट बघत होते. कुणी म्हणालं नाही. पण टेम्पो नेमका सखारामभाऊंच्या दारासमोर थांबला. भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली होती. टेम्पो थांबला तेव्हा मला अगदी भरून आलं. वाटलं, आहे बाई, कुणाच्या तरी लक्षात आहे. तेवढ्यात आवाज दुप्पट झाला आणि पोरं नाचायला लागली. थांबले होते ते त्यासाठी.

आणि यमुनामावशी कळशी घेऊन बाहेर आली.

कळशी घासलेली होती, उन्हात लखलखत होती. भोवती ओलं फडकं. मावशी आता वाकलीय, तिनं कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ओट्याच्या कडेला येऊन ती आमच्याकडं बघून काहीतरी म्हणाली. ओठ हलताना दिसले, बाकी काही ऐकू आलं नाही. काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे. कुणी ओंजळ धरली नाही. नाचणाऱ्या पोरांतल्या एकानं गुलाल उधळला, तो तिच्या पांढऱ्या केसांवर, हातांवर आणि कळशीच्या तोंडातून आत पडला. तरी ती उभी होती.

मी तिच्यापासून चार पावलांवर होते. माझा घसा कोरडा पडला होता. ताट खाली ठेवून चार पावलं जायचं आणि ओंजळ धरायची, बाकी काही नव्हतं करायचं. गुलाल पडलेलं पाणीसुद्धा चाललं असतं. कुणीतरी मागून माझ्या हातात पाण्याची बंद बाटली दिली. मी ताट एका हातावर तोललं, दातांनी बूच फिरवलं आणि प्यायले. मावशीकडं बघत प्यायले, कारण ती समोरच होती. मग संजू कानाशी ओरडला, “ताई, ताट वर धर, फोटो काढत्यात.” मी वळून ताट वर धरलं. फोटो झाल्यावर बघितलं तेव्हा कळशी ओट्यावर होती आणि दार बंद झालं होतं. पाव तास आम्ही तिथं होतो.

निवडून कोण आलं ते मी सांगणार नाही. त्यानं काही फरक पडत नाही. फोटो तेवढा ग्रुपवर आला. मध्ये मी, ताट वर धरलेलं, चेहरा प्रसन्न. माझ्या खांद्यामागं, कडेला कापली गेलेली, अर्धी कळशी आणि दोन हात. खाली लोकांनी फुलं आणि अंगठे टाकले होते. महिनाभर मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. ते दोन हात मोठे व्हायचे आणि मग नुसते ठिपके दिसायचे. झोप गेली, जेवण जाईना. आबा असते तर रागावले नसते, हे मला जास्त लागत होतं. त्यांनी फक्त विचारलं असतं, तहान नव्हती का तुला.

म्हणून आज आले होते. फाटकाची कडी शेवटी वाजली आणि आतून आवाज आला, “कोन हाय?”

“मी, मावशी.”

मावशी दारातल्या बाजेवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं कपाळावर हात धरून बघितलं. ओळखलं. सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

“या ताई. बसा.”

पन्नासएक वर्षांत तिनं मला ताई म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी ती आतून खुर्ची आणायला निघाली, मी हात धरून तिला बसवलं आणि बाजेच्या कोपऱ्यावर टेकले. ती लगेच पुन्हा उठली, आत गेली. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती पाण्याची बाटली घेऊन. बंद, वरचं बूचसुद्धा न फिरवलेलं. पदरानं तिच्यावरचं दव पुसलं आणि माझ्यापुढं धरली.

“मिलिंदनं आनून ठेवल्यात, पावन्यांसाठी. घ्या. उन्हाचं आलाय.”

“मावशी, मला कळशीतलं द्या.”

“ती रिकामी हाय. आता कोन भरतंय तिला.”

“मग माठातलं द्या.”

“कशाला ताई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पाया पडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. बाटली माझ्या हातात देऊन ती शांतपणे पुन्हा सूप मांडीवर घेत म्हणाली, “त्या दिशी बगितलं की मी. तुमी बाटलीतलं प्यालात. माजंच चुकलं. तुमचं आबा पेले तवापासनं मला वाटत व्हतं, आता ते गेलं. इतकी वर्सं त्येच धरून बसले. मिलिंद म्हनत व्हता, आई, नगं भरू कळशी, कोन प्यायचं न्हाई. मी त्येच्यावरच डाफरले. म्हनलं, आबांची बाय हाय फेरीत, ती पील.”

मला आधी समजलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग समजलं.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “तसं नव्हतं. आबांची शपथ. जातीपातीचं काही मनात नव्हतं माझ्या. ते कधीच नव्हतं.”

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“मग कशापायी?”

एसटी किती वाजता आहे हे विचारावं, तसं तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधायला लागले. आवाज मोठा होता म्हणून. हातात ताट होतं म्हणून. भाऊ बघत होता म्हणून, फोटो काढत होते म्हणून. सात जणांना मी तिच्या लेकाविषयी जे पाठवलं होतं ते मलाच खरं वाटायला लागलं होतं म्हणून. एकेक कारण तोंडापर्यंत यायचं आणि तिनं जे समजून घेतलं होतं त्याच्यापेक्षा हलकं निघायचं. तिच्या समजुतीला निदान जुनं, मोठं दुखणं होतं. माझ्याकडं काहीच नव्हतं. शेवटी त्यातल्या त्यात जे बरं वाटलं ते बोलले.

“मिलिंद विरोधात होता ना, मावशी. म्हणून.”

मावशीचे हात सुपावर थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी काही चेष्टा करतेय का ते कळेना तसं.

“विरोधात तर आमी तवाबी व्हतो की,” ती म्हणाली.

बाहेरून राबाचा धूर ओट्यावर आला होता. उपड्या कळशीच्या बुडावर उन्हाचा एक तुकडा पडला होता. उठावं, कळशी सुलटी करावी, चिंच मागून घासायला बसावं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आई अशीच घासत बसायची. पण मला उठवलं नाही. हातातली बाटली गार होती आणि मावशी मी पिण्याची वाट बघत होती, पाहुण्याची बघतात तशी. तिनं मला दिलेलं पाणी आता हेच होतं. मी बूच फिरवलं. बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायला लागले.

“सावकाश प्या ताई,” मावशी म्हणाली. “ठसका लागंल.”